बांधातली वाट

आई गेली त्या वर्षी माझं वंदन बंद पडलं. तसं बाहेरून काही दिसत नव्हतं. सांगलीच्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी मी मेणबत्ती लावायची, उदबत्ती लावायची, हात जोडून उभी राहायची. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणताना ओठ हलायचे, पण ‘सरणं’ या शब्दापाशी आत काहीतरी अडायचं. सरण जायचं म्हणजे कुणाकडे जायचं? आईच्या शेवटच्या महिन्यात मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून एवढी वाट पाहिली होती, आणि कुणी आलं नव्हतं. आमच्याकडे देवाची कृपा झाली असं म्हणायची पद्धत नाही. मागणं नाही, नवस नाही. मग माणूस अगदी एकटा पडतो तेव्हा त्याने काय करायचं, हा प्रश्न मी कुणाला विचारलाही नव्हता. मी शाळेत शिकवत होते, घर चालवत होते आणि रोज सकाळी पाठ केलेले शब्द म्हणत होते.

पुढच्या वैशाखात जे घडलं ते जसं घडलं तसं सांगते. त्याला कुणी चमत्कार म्हणावं असा माझा आग्रह नाही.

आईचं माहेर वडूजच्या पुढं, माणच्या अंगाला. तिथल्या बौद्धवाड्यातल्या लोकांनी अंगमेहनतीने एक लहानसं विहार बांधलं होतं. चार भिंती, वर पत्रा, आत ओटा. ओट्यावरची मूर्ती आपण द्यायची, असं माझ्या वडिलांनी आईच्या नावानं ठरवलं. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. अप्पा फौजेत होते. निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी राहायचे. मूर्ती सांगलीच्या एका मूर्तिकाराने पांढऱ्या सिमेंटात घडवली, कमरेएवढ्या उंचीची. बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी ती बसवायची होती. साताऱ्याहून भन्ते येणार होते. पौर्णिमेच्या पहाटे आम्ही टेंपोत भाताचा पेंढा पसरला, मूर्तीला आईची जुनी वाकळ गुंडाळली, चारी बाजूंनी दोर बांधले आणि निघालो. टेंपो मिरजेच्या बशीरभाईंचा. पुढच्या बाकावर बशीरभाई, मधे मी, आणि खिडकीशी अप्पा, मांडीवर नकाशा घेऊन.

या नकाशाबद्दल सांगायला हवं. सातारा जिल्ह्याचा तो नकाशा अप्पांनी पुण्याहून आणला होता आणि फाटू नये म्हणून जाड कापडावर चिकटवून घेतला होता. फौजेत त्यांना नकाशा वाचायला शिकवलं होतं आणि ती विद्या त्यांना जिवापाड आवडायची. ओढा कुठं, चढ कुठं, गाडीवाट कुठं संपते, हे ते बोट फिरवत असे सांगायचे की ऐकणाऱ्याला समोर शिवार दिसावं. पण नकाशावरच्या त्यांच्या प्रेमाचं खरं कारण वेगळं होतं. मी लहान असताना एकदा त्यांच्या सायकलच्या दांडीवर बसून एका लांबच्या गावी निघाले होते. वाटेत पारावर बसलेल्या माणसांना अप्पांनी रस्ता विचारला. “कुनाचं पावनं?” त्यांनी विचारलं. अप्पांनी सांगितलं. मग एकानं बसल्या जागेवरून पायाच्या अंगठ्यानं दिशा दाखवली. तो रस्ता चुकीचा निघाला. तेव्हापासून अप्पांनी आयुष्यात कुणाला रस्ता विचारला नाही. “बाय, नकाशाला आडनाव सांगावं लागत न्हाई,” असं ते मला म्हणायचे. हल्ली माझ्या मुलाच्या फोनमधली बाई प्रत्येक वळण बोलून दाखवते. ती कधी कधी नको त्या गल्लीत नेऊन सोडते, म्हणून तो तिच्यावर चिडतो, आणि तिच्याशिवाय दाराबाहेरही पडत नाही. मला तिचं कौतुकच वाटतं. कुणीही कुठंही जावं आणि तिनं ‘कुणाचे’ असं न विचारता वाट दाखवावी, ही लहान गोष्ट नाही.

वडूज मागं टाकेपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुढं मात्र रस्ता उकरून ठेवलेला. मोरीचं काम निघालं होतं, दगडांचे ढीग आडवे, आणि पलीकडे जायला गाडीला जागाच नाही. आजवर आम्ही त्या गावी कायम एसटीनं गेलो होतो. एसटी नेईल तसं जायचं, त्यामुळे दुसरी वाट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. बशीरभाई म्हणाले, “अप्पा, उतरून कुनाला तरी इचारू या की. इचारत इचारत मानूस मक्केला जातंय.” अप्पांनी मान हलवली. “कशाला इचारायचं? हितं सगळं लिवलेलं हाय.” त्यांनी नकाशा उघडला, बोट ठेवलं आणि डाव्या हाताच्या गाडीवाटेला टेंपो घालायला सांगितलं. ती वाट ओढा ओलांडून थेट आईच्या गावच्या मागच्या अंगाला निघते, असं नकाशात दिसत होतं.

आणि ती वाट होतीही. बाभळी, वाळलेली ज्वारीची धसकटं, मधेच एखादं करंजाचं झाड, अशी बराच वेळ ती आम्हाला नेत राहिली. अप्पांचा चेहरा खुलला होता. मग एका वळणावर वाट संपली. समोर मातीची उंच भिंत उभी होती. कुठल्याशा दुष्काळी कामात ओढ्यावर पाझर तलाव बांधला होता आणि वाट त्याच्या पोटात गेली होती. तलावात पाणी नव्हतं, नुसता भेगाळलेला गाळ. अप्पा खाली उतरले. त्यांनी नकाशाकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, पुन्हा नकाशाकडं पाहिलं. नकाशा खोटा नव्हता. तो छापला तेव्हा वाट होती. पण आपल्या भरवशाच्या माणसानं आपल्याला ओळख दाखवू नये तसं काहीतरी त्यांच्या तोंडावर आलं, आणि मला ते पाहवेना.

“पलीकडं वाट निगत असंल. बघून येतो,” असं म्हणून ते भिंतीवर चढले आणि पलीकडं उतरले. बशीरभाईंनी टेंपो वळवायला घेतला तर मागचं चाक भुसभुशीत मुरमात रुतलं. जेवढा जोर करावा तेवढं खोल जायला लागलं. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. आम्ही दगड घातले, फांद्या घातल्या, पेंढा घातला, पण चाक हलेना. या गडबडीत वेळ गेला, आणि अचानक माझ्या लक्षात आलं की अप्पा परत आले नाहीत.

मी हाका मारल्या. उत्तर नाही. मागच्या फाळक्यापाशी जाऊन उभी राहिले. धक्क्यांनी वाकळ सरकली होती आणि मूर्तीचा चेहरा उघडा पडला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी मागावंसं वाटलं. आई गेली, आता अप्पाही या उन्हात कुठं पडले असतील तर? पण मागायचं कुणाला आणि कोणत्या शब्दांनी, ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. माझे हात जोडले गेले. जे शब्द येत होते तेच मी मोठ्यानं म्हटले, ‘बुद्धं सरणं गच्छामि.’ काही झालं नाही. आवाज आला नाही, वाऱ्याची झुळूकसुद्धा आली नाही. एवढंच झालं की आता काय करायचं ते मला सुचलं. मी बशीरभाईंना मूर्तीपाशी थांबायला सांगितलं आणि भिंत चढून पलीकडं उतरले.

बरंच चालल्यावर एक वस्ती दिसली. एकटंच घर, पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली दोन बैलं. दुसरं घर आसपास नव्हतं. तिथं विचारण्यावाचून इलाज नव्हता, आणि खरं सांगते, त्या दारापर्यंतची शेवटची वाट मला सगळ्यात लांब वाटली. शिकलेली होते, पगारदार होते, शाळेत पन्नास पोरांसमोर उभी राहायची. पण सायकलच्या दांडीवरची ती मुलगी माझ्यात होतीच. दारात एक वयस्कर बाई कांदे फोडत होती. अंगानं वाळकी, हिरवं लुगडं, कपाळावर कुंकू नाही. मी उभ्या उभ्याच विचारलं, “आजी, इकडून कुणी म्हातारे गृहस्थ गेले का? हातात नकाशा…”

“तुजा बा हाय न्हवं?” ती म्हणाली. “आत हाय. बरा हाय आता. ये.”

आत जायचं म्हटल्यावर माझा पाय उंबऱ्यापाशी थांबला. आत कोनाड्याशी पाण्याची भांडी मांडलेली दिसत होती. मी म्हणाले, “आम्ही पुढच्या गावच्या बौद्धवाड्यात चाललोय, आजी.”

“त्येनं पयल्यांदा त्येच सांगितलं,” ती म्हणाली. “ढेकळांत पडला हुता. शिवानं, माज्या ल्येकानं, उचलून आनला. तोंडाला पान्याचा तांब्या लावला तर पियाचं सोडून म्हंतुय, ‘मी बौद्ध हाय, चालंल का?’ म्या म्हनलं, आदी पी बाबा, मग काय त्ये सांग. उंबऱ्यात का हुबी? आत ये की.”

आत अप्पा बाजेवर झोपले होते, त्याच भांड्यांच्या शेजारी. डोक्यावर ओलं फडकं, तळपायांना कांदा चोळलेला. त्यांचे डोळे उघडे होते. मला पाहिल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि कडेनं पाणी वाहू लागलं. उघड्या रानात घोटभर पाण्यासाठी जीव जात असतानाही माझ्या बापाला आधी परवानगी मागावीशी वाटली होती. आजी त्यांच्या उशाशी बसली, खाली पडलेला नकाशा तिनं चौघडी करून उचलला आणि त्यानं त्यांना वारा घालायला लागली. “लय झ्याक वारा येतुय बग ह्येचा,” ती मला म्हणाली. “तुमच्यात असलंच पंखं असत्यात व्हय?” अप्पांच्या ओठांवर हसू आलं. तेव्हा मला कळलं की आता ते वाचले.

तिचं नाव हौसाबाई. कोणत्या समाजाचं घर, ते मी विचारलं नाही. शिवा बैलं घेऊन गेला आणि बशीरभाईंच्या मदतीनं त्यानं टेंपो बाहेर काढला, तलावाच्या कडेला जादा पाणी जायला ठेवलेल्या सांडव्यावरून फिरवून वस्तीवर आणला. तोवर ऊन कलायला लागलं होतं. आता पुढचा प्रश्न उभा राहिला. गाव तिथून जवळ होतं. हौसाबाईच्या रानाच्या पलीकडे बौद्धवाड्याची निळी पताका दिसत होती. पण मधे तिच्या रानाचा बांध आडवा होता, माणसाच्या छातीएवढा, दगडांनी रचलेला. दुसऱ्या वाटेनं जायचं तर पार मागं, वडूजच्या बाजूला जाऊन मोठा वळसा घ्यायचा. अंधाराआधी पोचणं शक्य नव्हतं, आणि अप्पांना तेवढा प्रवास झेपला नसता. शिवा म्हणाला, “मूर्ती उतरवून खांद्यावर न्हेऊ.” पण ती सिमेंटची मूर्ती उचलायला भरपूर माणसं लागली असती. वाड्यातून माणसं बोलावून आणून मूर्ती उतरवून नेईपर्यंत तर दिवस बुडाला असता.

हौसाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, “फोडा बांध.”

शिवा तिच्याकडं बघतच राहिला. “आयं, पावसाच्या तोंडावर?”

“परत घालू.”

“आबांनी घातल्याला हाय त्यो.”

“मला म्हाईत हाय कुनी घातलाय. दगुड म्या दिल्यात त्येच्या हातात.” मग ती म्हणाली, “सनासुदीला दारात आलेलं पावनं बांधाला अडलं, आसं म्हनतील लोक. फोड.”

ज्यांना जिराईत रान माहीत नाही त्यांना ‘फोडा बांध’ या दोन शब्दांचं मोल कळायचं नाही. त्या मुलखात पाऊस येतो तो उभा येतो आणि पळून जातो. त्याला धरून ठेवतो तो बांध. बांध फुटला की पाणी जातं, पाण्याबरोबर माती जाते, आणि मग वर्षच जातं. दुष्काळात नवराबायकोनं हातानं रचलेला तो बांध शिवानं पहारीनं उकलला. पहिला दगड निघाला तेव्हा हौसाबाईनं तोंड फिरवलं नाही. ती बघत उभी होती. बशीरभाईंनी सदरा काढला आणि दगड उचलायला लागले. मीही लागले. अप्पा बाजेवरून उठायला लागले तेव्हा तिनं त्यांना दटावलं, “पडून ऱ्हावा गप.”

टेंपो बांधातून जाताना मूर्ती हिंदकळेल, म्हणून हौसाबाई स्वतःच मागं चढली. पेंढ्यात बसली आणि मूर्तीच्या पाठीमागून हात घालून तिला छातीशी धरलं, जसं आजारी लेकराला धरावं तसं. मी शेजारी बसले. ती मूर्तीच्या तोंडाकडं निरखून पाहत होती. “डोळं झाकल्यात का उगडं हायत गं?”

“अर्धे मिटलेत.”

“दमून आल्यावर सावलीला बसल्यागत दिसतुय,” ती म्हणाली. आणि पदरानं मूर्तीच्या कपाळावरची धूळ पुसली.

वाड्यात लोक वेशीपर्यंत येऊन वाट पाहत होते. पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया, हातात फुलं, मेणबत्त्या. भन्ते कधीचे येऊन बसले होते. रानातून, बांध फोडून, अनोळखी म्हातारीच्या कुशीत मूर्ती येते आहे हे पाहून सगळे टेंपोकडं धावले. आईच्या भावकीतली एक म्हातारी मात्र हौसाबाईला बघून चपापली. शेजारच्या शिवारात सगळी हयात गेलेल्या या दोघी कधी एकमेकींच्या दारात गेल्या नव्हत्या. मूर्ती ओट्यावर बसली. हौसाबाई शेवटी भिंतीला टेकून बसली होती. भन्तेंनी तिला पाहिलं आणि म्हणाले, “आजी, पुढं या.” ती पुढं आली आणि अप्पांच्या शेजारी बसली.

त्रिसरण सुरू झालं. तिला शब्द येत नव्हते, ती नुसते हात जोडून ऐकत होती. ‘सरणं’ हा शब्द आला आणि मला रडू फुटलं, पण यावेळी आत काही अडलं नाही. मी कितीतरी दिवस वर बघत विचारत होते की कुणाकडे जायचं. दिवसभरात मला जे भेटलं ते सगळं जमिनीवर होतं. ढेकळांतून उचलणारे हात, ओठांना लावलेला तांब्या, बांधातून निघालेला दगड. भगवान बुद्धांनी मैत्री म्हटलं ते हेच असेल, तर तिला सरण जायला मला आता काही शंका उरली नव्हती. सरण जाणं म्हणजे हातपाय गाळून बसणं नाही, हेही तेव्हा उमगलं. आपला सगळा भार एकदा कुणावर तरी टेकवून बघायचा. तो झेलला जातो की नाही हे आधी ठरवून मिळत नाही. अप्पा तर शुद्ध हरपेपर्यंत स्वतःचा भार स्वतःच वाहत आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यातली माणसं कुदळी, पाट्या, पहारी घेऊन हौसाबाईच्या रानात गेली. बायाही गेल्या. अप्पांना रात्रभराच्या झोपेनं हुशारी आली होती, नको म्हटलं तरी तेही आलेच. बांध पुन्हा रचायला घेतला. निम्मा झाल्यावर हौसाबाई वाडगं भरून ताक घेऊन आली आणि म्हणाली, “मदी गाडीपुरती वाट ऱ्हाऊ द्या. वर्साला याल न्हवं पुनवंला?”

शिवा म्हणाला, “पानी जाईल की आयं.”

त्यावर अप्पा पुढं झाले. त्यांनी त्या मोकळ्या जागेत दगडांचा रुंद, बसका उंबरा घालून दाखवला. पाणी त्याच्यामागं तुंबावं आणि गाडीचं चाक मात्र वरून सावकाश निघावं, असा. फौजेतलं शिक्षण तिथं कामी आलं. सगळ्यांनी मिळून तो उंबरा इतका पक्का बसवला की त्या पावसाळ्यात पाणी अडलं आणि मातीही राहिली, असा शिवाचा निरोप आला.

पुढच्या वर्षी पौर्णिमेला आम्ही त्याच वाटेनं गेलो. रस्त्याचं काम केव्हाच झालं होतं, एसटी सरळ जात होती, पण अप्पांनी टेंपोच करायला लावला. वस्तीजवळ त्यांनी बशीरभाईंना गाडी थांबवायला सांगितलं. मी उतरू लागले तर म्हणाले, “तू बस.” ते एकटेच लिंबाखालून चालत दारापर्यंत गेले. माझे वडील कधी कुणाच्या दारात मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी त्यांचा आवाज टेंपोपर्यंत ऐकू आला.

“आवं हौसाबाई! लय ऊन हाय. पानी द्या!”